तेलताडाचं ‘कर्म’

‘टिश्यूची केळी’ हा शब्द आता जळगावकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी इतका बसलाय की त्यात काही परदेशी आहे असं कुणाला वाटतही नाही. ‘यंदा टिश्यू लावली’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर वाढलेली, सगळी एका वळणाची रोपं. माझा एक भाचा शेतकी पदवीधर आहे. त्याला मी सहज विचारलं, ‘केळीचं जमलं, मग तेलाच्या झाडांचं का नाही रे असं करत? एवढं तेल आपण बाहेरून आणतो!’ तो हसून म्हणाला, ‘मावशी, केलं होतं. तेलताडाचं काय झालं ते वाच एकदा.’

मग काय, वाचत गेले. शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी जन्मभर पोरांना इतिहास शिकवला. पण ही गोष्ट मला शास्त्रापेक्षा इतिहासाचीच वाटली. तिच्यात साम्राज्यं आहेत, घाई आहे, आणि तीसेक वर्षं न सुटलेलं एक कोडंही आहे. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या पिढीला पामतेल भेटलं ते रेशनच्या दुकानात. १९७० चं दशक संपता संपता ते मिळू लागलं. थंडीत गोठायचं, डबा उन्हात ठेवावा लागायचा. शेंगदाण्याच्या आणि करडईच्या तेलावर वाढलेल्या घरात त्याला काही मान नव्हता. ‘रेशनचं तेल’ म्हणूनच ते ओळखलं जाई. आज मात्र बिस्किटांपासून फरसाणापर्यंत आणि साबणापासून शाम्पूपर्यंत ते सगळीकडे आहे, आणि पामतेलाची जगात सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला भारत आहे. कारण सरळ आहे. सोयाबीन हेक्टरी अर्धा टन तेलसुद्धा देत नाही, आणि तेलताड तीन टनांच्या मागेपुढे देतो.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. आपल्या माडाचा चुलतभाऊच म्हणा. फरक इतकाच, की नारळाऐवजी त्याला सुपारीहून थोड्या मोठ्या, लालकेशरी फळांचे भरगच्च घड येतात. तेल दोन जागी, फळाच्या गरात आणि आतल्या बीमध्ये. १८४८ साली जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेत डच लोकांनी याची चार रोपं लावली, निव्वळ शोभेसाठी. या चार झाडांची लेकरं पुढे सुमात्रात आणि मलायात पसरली. मलायातला पहिला व्यापारी मळा १९१७ साली आँरी फोकोनिए या फ्रेंच गृहस्थाने उभा केला.

इकडे आफ्रिकेत ‘सनलाइट’ साबणवाल्या लिव्हरसाहेबाने १९११ मध्ये बेल्जियन सरकारशी करार करून काँगोत तेलताडाच्या जंगलांचे हक्क मिळवले. आपल्या आज्या ज्या साबणाने कपडे धूत होत्या त्याच्यामागे काँगोतल्या माणसांची सक्तीची मजुरी होती, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही. असो. या लिव्हर कंपनीचीच १९३० साली युनिलिव्हर झाली. पुढच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

काँगोतच १९४१ साली एक मोठा उलगडा झाला. तेलताडाच्या काही झाडांच्या फळात जाड कवटी असते, काहींत कवटीच नसते, पण त्या बिनकवटीच्या झाडांना बहुधा फळ धरत नाही. बैर्नार्ट आणि वांडरवेयन या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या दोघांचा संकर केला की पातळ कवटीचं आणि भरपूर गराचं फळ मिळतं. तेव्हापासून मळ्यांमध्ये याच संकराची लागवड होऊ लागली.

पण संकर म्हटला की सगळी भावंडं सारखी निघत नाहीत. शंभर रोपं लावली तर दहा-पाच झाडं अशी निघतात की बाकीच्यांच्या बरीच पुढे असतात. कुठल्याही मळेवाल्याला वाटणारच, की आपला अख्खा मळा याच झाडाचा असता तर! आंब्याचं असं झाड मिळालं तर आपण त्याची कलमं बांधतो. केळीला मुनवे फुटतात, उसाचं बेणं तोडून लावता येतं. तेलताडाचं दुर्दैव असं की त्याला वाढणारा डोळा एकच, अगदी शेंड्यावर. फांदी नाही, मुनवा नाही, कलम बांधावं अशी जागा नाही. तो एक शेंडा तोडला की झाड मेलं. आणि म्हणून माणसाची नजर प्रयोगशाळेतल्या बाटलीकडे वळली.

बाटलीचा इतिहास वेगळा आहे. तो थोडक्यात सांगते. १९०२ साली गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने एक धाडसी कल्पना मांडली. झाडाच्या कुठल्याही एका पेशीत अख्खं झाड दडलेलं आहे, तिला योग्य खाद्य मिळालं तर ती पुन्हा झाड होऊ शकेल. त्याने पानांच्या पेशी वेगळ्या करून जगवल्या. त्या फुगल्या, जगल्या, पण एकदाही दुभंगल्या नाहीत. कल्पना बरोबर होती, खाद्य अपुरं होतं.

ते खाद्य शोधण्यात पुढची पन्नास-साठ वर्षं गेली, आणि त्यात आपल्या ओळखीची एक वस्तू आहे. १९४१ साली अमेरिकेत फान ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याच्या कोवळ्या गर्भांना नारळाचं पाणी पाजलं आणि ते वाढू लागले! जे पाणी नारळ स्वतःच्या बाळासाठी साठवतो तेच दुसऱ्याच्या बाळाला मानवलं. मग १९५५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर आणि स्कूग यांना पेशी दुभंगायला लावणारा एक पदार्थ सापडला. तोही कुठे, तर हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएच्या जुन्या बाटलीत. ताज्या बाटलीतून काही मिळेना. मग ती प्रेशर कुकरसारख्या यंत्रात वाफवली, तेव्हा मिळालं. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात स्टुअर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून पुन्हा गाजराची रोपं उभी केली. हाबरलांट तोवर वारले होते. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी बाटलीतल्या खाद्याची जी कृती ठरवली तीच थोड्याफार फरकाने आजही चालते.

याच काळात दिल्ली विद्यापीठात १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी पुन्हा धोतराच घेतला आणि त्याच्या परागकोशातून थेट रोपं मिळवली. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, बापाकडचा म्हणा. तो दुप्पट केला की एका झटक्यात शुद्ध वाण हाती येतो. नाहीतर त्याला सहा-सात पिढ्या निवड करत बसावं लागतं. कॅनडा आणि युरोपातल्या मोहरीवर्गी तेलबियांच्या संशोधकांनी या युक्तीचा पुढे पुरेपूर उपयोग केला. दिल्लीत धोतऱ्यावर लागलेल्या शोधाचा फायदा परदेशातल्या तेलबियांना झाला, हे आपल्याकडच्या किती शाळांत सांगितलं जातं कोण जाणे.

आता तेलताड. इंग्लंडमध्ये युनिलिव्हरच्या कोलवर्थ येथील प्रयोगशाळेत याचे प्रयत्न चालू होते, तिकडे फ्रेंच शास्त्रज्ञही मागे नव्हते. १९७४ मध्ये कोलवर्थच्या जोन्स यांनी आणि १९७६ मध्ये फ्रान्सच्या राबेशो आणि मार्तँ यांनी तेलताडाची बाटलीतली रोपं जाहीर केली. लवकरच ही रोपं मलेशियाच्या मातीत लागली. मळेवाल्यांमध्ये केवढा आनंद! उत्पन्न वीस-तीस टक्क्यांनी वाढेल असे हिशेब मांडले गेले. नव्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. रोपं हिरवीगार होती, जोमदार होती, आणि पानं पाहून त्यांच्यात खोड काढावी असं काहीही नव्हतं.

तेलताडाला फुलोरा यायला लागवडीनंतर दोन-तीन वर्षं लागतात. तो आला, आणि काही झाडांवर भलतंच दिसू लागलं.

तेलताडाला नरफुलांचे आणि मादीफुलांचे घोस वेगवेगळे, पण एकाच झाडावर येतात. मादीफुलातही पुंकेसरांच्या जागी खुंटलेले अंकुर असतात. ते तसेच खुंटलेले राहायला हवेत. या झाडांवर मात्र त्या अंकुरांचे स्त्रीकेसर झाले आणि मूळ फळाभोवती मांसल पाकळ्यांसारखं आवरण वाढलं. जणू फळाने शाल पांघरली आहे. इंग्रजीतही त्याला ‘मँटल्ड’, म्हणजे झूल पांघरलेलं, असंच म्हणतात. विकृती थोडी असेल तर फळ कसंबसं टिकतं. जास्त असेल तर फळ धरत नाही, अख्खा घड झाडावरच सडतो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते तेलच नाही.

१९८६ साली कॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेशियातल्या या विकृत फुलांची हकीगत प्रसिद्ध केली आणि सगळा उत्साह थंडावला. काही वाणांत अशी झाडं थोडी निघत, काहींत जवळजवळ सगळीच. एका बाटलीतली भावंडं, पण एक धड आणि एक शालवालं. शिवाय रोप पाहून ओळखू येईना. म्हणजे लावायचं, खत-पाणी घालायचं, तीन वर्षं थांबायचं, आणि मग कळणार की ही जागा वाया गेली. ज्या पिकाचा मळा पंचवीस वर्षांसाठी लावायचा त्यात असा जुगार कोण खेळणार?

मग केळीत असं का होत नाही? भाच्याने सांगितलेला फरक मला चटकन पटला. केळीच्या बाटलीत आपण कंदाचा तयार डोळा घेतो आणि त्यालाच नवे डोळे फुटू देतो. झाड मोडून पुन्हा घडवत नाही. तेलताडाला जास्तीचा डोळाच नाही. म्हणून पानाचा किंवा मुळाचा कोवळा तुकडा घ्यायचा, त्याचा आधी ओळख विसरलेला पेशींचा गोळा करायचा, आणि त्या गोळ्यातून महिनोन् महिने वाट पाहून पुन्हा गर्भ घडवायचा. पानाच्या पेशीला ‘तू पान आहेस हे विसर’ असं सांगण्यासारखंच ते. विसरताना ती आणखी काय काय विसरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. (केळीतही फार वेळा बाटल्या बदलत राहिलं की काही रोपं बिघडलेली निघतात. म्हणून तिथेही मर्यादा पाळतात.)

बाटलीतून निघालेली रोपं मूळ झाडाहून वेगळी निघू शकतात, हे इतर पिकांतही दिसत होतं. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट यांनी या प्रकाराला रीतसर नाव दिलं आणि उलट सुचवलं की हा दोष मानू नका, यातूनच नवे वाण निवडा. आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत व्ही. एल. चोप्रा यांच्या चमूने नेमकं तेच केलं. ‘वरुणा’ या नावाजलेल्या मोहरीच्या पेशी बाटलीत वाढवल्या. त्यातून आलेल्या वेगळ्या रोपांपैकी टपोऱ्या दाण्याचं, जास्त पीक देणारं एक निवडलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘पूसा जय किसान’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिलं. म्हणजे पाहा, बाटलीत गेलेलं रोप बदलून बाहेर येतं ही एकच गोष्ट, मलेशियात शाप ठरली आणि दिल्लीत वरदान. मोहरी चार-पाच महिन्यांत आपला निकाल दाखवते. नकोसं रोप उपटून टाकता येतं. ताडाचा निकाल लागायला वर्षं लागतात. माझ्या मते सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

पण ताडात बिघडतं तरी काय? संशोधकांनी धड झाडाचा आणि शालवाल्या झाडाचा डीएनए ताडून पाहिला, तर अक्षर न् अक्षर सारखं! त्याहून चमत्कारिक म्हणजे काही शालवाली झाडं काही वर्षांनी आपोआप सुधारत आणि धड फळं देऊ लागत. डीएनएची अक्षरंच बदलली असती तर ती अशी घाऊक परत कशी येतील?

उत्तर मिळालं २०१५ मध्ये. मलेशियाच्या पाम तेल मंडळातल्या मेलिना ओंग-अब्दुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्टिएन्सन यांच्या साथीने, ते ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. ते समजून घ्यायला मला शाळेतलीच एक गोष्ट उपयोगी पडली.

अभ्यासक्रम बदलला की जुन्या पुस्तकातले काही भाग वगळले जायचे. नवी पुस्तकं येईपर्यंत आम्ही मुलांना सांगायचो, ‘पान अमुक, परिच्छेद तमुक, पेन्सिलीने वगळला असं लिहा.’ मजकूर पुस्तकात तसाच राही. फक्त समासातल्या त्या खुणेमुळे पोरगं तो ओलांडून पुढे जाई. झाडांच्या डीएनएतही असे जुने, उपरे, वगळलेले तुकडे जागोजाग असतात आणि त्यांच्यावर अशा रासायनिक खुणा असतात. तेलताडाच्या फुलातले अवयव ठरवणारा एक जनुक आहे. त्याच्या मधोमध असाच एक उपरा तुकडा बसलेला आहे. खूण शाबूत असली की पेशी तो तुकडा ओलांडते आणि धडा नीट पुरा वाचते. बाटलीतल्या त्या दीर्घ विसरण्यात काही रोपांच्या या तुकड्यावरची खूण पुसली जाते. मग पेशी वगळलेला परिच्छेद वाचायला लागते, खरा धडा अर्धवट सुटतो, आणि फुलाचं शालवालं फळ होतं. अक्षर एकही बदललेलं नाही. फक्त पेन्सिलीची खूण गेली आहे. आणि काही झाडं पुढे का सुधारतात तेही यावरून कळतं, कारण पेन्सिलीची खूण पुन्हा करता येते.

आता गंमत ऐका. या उपऱ्या तुकड्यांच्या घराण्याचं नाव काय असावं? ‘कर्म’! जपानी शास्त्रज्ञांनी हे घराणं आधी भातात ओळखलं आणि २००३ साली हे नाव घालून प्रसिद्ध केलं. पुढे तेलताडाच्या संशोधकांनी खूण शाबूत असेल त्याला ‘चांगलं कर्म’ आणि पुसली असेल त्याला ‘वाईट कर्म’ असंच म्हटलं. अर्थात त्यात परलोकाचा काही संबंध नाही. पण आपल्याकडे ‘ज्याचं त्याचं कर्म’ म्हणून हात झटकायची जी सवय आहे ती मला यानंतर जरा खटकू लागली. इथे कर्म झाडाने केलेलं नाही. ते बाटलीत घडलं, घडवणाऱ्यांना कळलंही नाही, आणि फळ मात्र झाडावर दिसलं. शाळेत ‘मुळातच वाया गेलेला’ असा शेरा मिळालेली पोरं मी पुष्कळ पाहिली. त्यांतल्या काहींच्या समासातल्या खुणा कुणी आणि केव्हा पुसल्या होत्या, हे विचारायला आम्हा शिक्षकांना तरी कुठे सवड होती?

या शोधाचा व्यवहारात उपयोग असा की आता रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून त्याचं ‘कर्म’ पाहता येतं आणि वाईट निघालेलं रोप शेतात जाण्याआधीच बाजूला काढता येतं. तरीही आज जगातला बहुतेक तेलताड बियांपासूनच लावला जातो. पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात.

आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने तेलताडाच्या लागवडीसाठी ११,०४० कोटींची योजना मंजूर केली. २०२५-२६ पर्यंत आणखी साडेसहा लाख हेक्टर ताडाखाली आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आंध्र, तेलंगण आणि ईशान्येकडचे शेतकरी यात आहेत. पहिलं उत्पन्न हाती यायला तीन-चार वर्षं, आणि तोवर पाणी, खत, मजुरी चालूच. उद्या कुणी त्यांच्या बांधावर एकसारख्या, हमखास रोपांची बाटली घेऊन आलं तर त्यांनी ती जरूर घ्यावी. फक्त आधी दोन प्रश्न विचारावेत. या वाणाला फुलोरा आलेला कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? आणि नाही आला तर माझ्या त्या वर्षांचं काय?

शेवटी एक सांगते. २०१५ चा उलगडा कुठल्या उत्तम झाडावरून झाला नाही. शालवाल्या, तेल न देणाऱ्या, हिशेबात निव्वळ तोट्याच्या झाडांची पानंफुलं धड झाडांशेजारी ठेवूनच तो झाला. मळ्याच्या वहीत ती झाडं बाद होती. तरी त्यांच्यातली काही कुणीतरी उभी राहू दिली, त्यांची नोंद ठेवली, आणि तीसेक वर्षांचं कोडं त्यांनीच सोडवून दिलं.